बिनकाट्याच्या जिवांच्या शोधात

महाड मागे पडलं आणि एस.टी.च्या खिडकीतून येणारं वारं ओलसर झालं. शेजारी बसलेल्या नयनाने डोळे न उघडताच सांगितलं, "आलं आमचं कोकण." मी मात्र डोळे ताणून बसले होते. आमच्या जत तालुक्यात दिवाळी झाली की जमीन करडी पडते, बाभळी तेवढ्या हिरव्या राहतात. इथे दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले तरी डोंगर ओले वाटत होते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं भात उभं होतं.

एवढ्या लांब येण्याचं कारण आधी सांगते. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय प्राणिशास्त्र. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्या वर्षी आम्हाला अपृष्ठवंशीय प्राणी, म्हणजे पाठीचा कणा नसलेले प्राणी शिकायचे होते. शिकायचे म्हणजे प्रयोगशाळेतल्या बरण्यांकडे बघायचं. फॉर्मेलिनमध्ये सगळ्यांचा रंग एकच झालेला, उकडलेल्या बटाट्यासारखा. आमच्या बाई एक दिवस म्हणाल्या, "या बरण्या तुमच्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत. सुट्टीत कुठल्या तरी पाण्याच्या काठी जा. प्राणी जिवंत बघा, तो राहतो कसा ते काढा, मग वही माझ्याकडे आणा." प्राण्यांचे शरीररचनेवरून जे मोठे गट पाडतात, त्यांना संघ म्हणतात. जितक्या संघांतले प्राणी मिळतील तितकं चांगलं, असंही त्यांनी सांगितलं. प्रात्यक्षिकाचे बरेचसे गुण त्या वहीवर होते.

माझ्या माहितीतला पाण्याचा काठ म्हणजे आमची विहीर. हॉस्टेलमधली माझ्या खोलीतली मैत्रीण नयना पेणजवळच्या खाडीकाठच्या गावची. ती म्हणाली, "आमच्याकडे चल. आमच्या दारापर्यंत भरती येते." वडिलांनी परवानगी दिली, पण एक प्रश्न विचारलाच, "किडं बघायला एवढ्या लांब?"

पहिला मुक्काम रोह्याला होता. रोह्याहून कुंडलिका नदीवरचा पूल ओलांडला की अष्टमी गाव लागतं. तिथे नयनाची मोठी बहीण वंदनाताई राहते. तिने दार उघडलं ते तोंडावर बोट ठेवूनच. "हळू बोला. तुझे भावोजी नाईट करून आलेत, कंपनीत." आम्ही चहासुद्धा कुजबुजत प्यायलो आणि बरण्या घेऊन बाहेर पडलो.

गावामागे डोंगरातून उतरणारा एक ओहोळ आहे. घोट्याएवढं पाणी, तळाचा प्रत्येक दगड दिसत होता. मी पहिला दगड उलटला आणि तसाच हातात धरून बसले. दगडाच्या पोटाशी नखाएवढा काळपट पट्टा हळूच सरकत होता. त्याला पाय नव्हते, वळवळही नव्हती; तेलाचा थेंब उतरणीवर सरकावा तसा तो जात होता. पुढच्या टोकाला दोन बारीक डोळे, तिरळे. चपटकृमी! पुस्तकात मी त्याचं चित्र इतक्या वेळा काढलं होतं की तो एवढासा असेल असं कधी वाटलं नव्हतं. डोकं एका टोकाला, शेपूट दुसऱ्या टोकाला, डावी बाजू उजवीसारखी. हे आपल्याला इतकं साधं वाटतं, पण एका दिशेने पुढे जाणारं शरीर पृथ्वीवर फार जुन्या काळी अशाच कोणाकडे तरी प्रथम आलं असणार. मी त्याला "नमस्कार" म्हणाले. नयना हसली, पण तिनेही वाकून बघितलं.

पुढच्या डोहात एका बुडालेल्या फांदीवर हिरवट, खरखरीत लेप होता. मला ते शेवाळ वाटलं. हाताला बारीक काचेसारखं काही टोचलं, तेव्हा कळलं की हा गोड्या पाण्यातला स्पंज, रंध्रीय संघातला. त्याला तोंड नाही, पोट नाही, डोकंही नाही. अंगभर भोकं, त्यांतून पाणी आत घ्यायचं आणि गाळून बाहेर सोडायचं. एवढ्यावर तो जगतो. मला आपली उगीच लाज वाटली, की आपल्याला जगायला केवढं काय काय लागतं.

परतताना पुलाजवळ एक चाचा गळ टाकून बसले होते. शेजारच्या डब्यात गांडुळं. मी डब्यात वाकून बघू लागले तसे ते म्हणाले, "बेटी, मासं पकडायला आलीस की गांडुळं?"

"गांडुळं," मी म्हणाले.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि डबाच पुढे केला. "ने मग. आजपतूर कोनी मागितली नव्हती." ते बरीच वर्षं आखातात बंदरावर कामाला होते. तिथल्या शिंपल्यांतले मोती त्यांनी पाहिले होते. "आपल्या कालवांत पन निगतो कवा कवा," ते म्हणाले. कालवं म्हणजे खडकाला चिकटून राहणारे शिंपले. "पन मोती कसला, फुटकी कणी. दाताखाली आला की शिवी देऊन थुकायचा."

दुसऱ्या दिवशी पेणची एस.टी. धरली. नागोठण्याच्या पुढे गडबला गाडी पंक्चर झाली आणि सगळे उतरून रस्त्याकडेच्या दुकानाच्या सावलीत उभे राहिले. दुकानाच्या पायरीवर वाणी (असंख्य पायांचा लांबट किडा) चालला होता. त्याचे पाय एकदम उचलले जात नव्हते. मागून पुढे लाट जात होती, भातावरून वारं जावं तशी. अंगाचं एकच कडं, तेच पुन्हा पुन्हा, पन्नासदा. मी त्याला बोटावर घेतलं, तो चकलीसारखा गुंडाळला गेला. गाडी निघाली तेव्हा तो माझ्या हातातच होता. कंडक्टर म्हणाला, "ताई, त्याचं तिकीट काढलंत? पायांवर आकारलं तर गाडी विकत घ्याल." सगळी गाडी हसली. मी लाजून वाण्याला खिडकीतून खाली सोडलं.

पेणच्या स्टँडवर नयनाने पोह्याचे पापड घेतले आणि आम्ही धरमतरच्या बाजूला जाणारी गाडी धरली. तिच्या गावाच्या फाट्यावर उतरलो तेव्हा ओहोटी होती. समुद्र म्हणून मी जे मनात धरून आले होते ते कुठेच नव्हतं. समोर चिखल होता, राखाडी, चकचकीत, दूरवर पसरलेला. मध्ये पाण्याची एक चिंचोळी रेघ. काठाने तिवरांची (खाऱ्या पाण्यात वाढणारी झुडपं) हिरवी पट्टी. आणि या सगळ्याला अडवून पुरुषभर उंचीचा मातीचा एक लांबच लांब बांध. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं. शेतं खाडीपेक्षा खाली होती हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

नयनाची आत्या, हिराआत्या, बांधावरच भेटली. पन्नाशीची, काटक, नऊवारीचा काचा मारलेला, हातात चिंबोऱ्यांची (खेकड्यांची) टोपली. ती मिठागरात काम करते आणि बांधाच्या वळणाला तिचं स्वतःचं भाताचं शेत आहे. नवरा नाही, मूल नाही. ते एक शेत आहे.

"काय गो, ही कोन?"

"माझी मैत्रीण शालन. किडे बघायला आलीय."

"किडे?" हिराआत्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मंग कालेजात काय बघतात?"

"मेलेले," मी म्हणाले. हे तिला पटलं.

मी तिला समजावू लागले, की ज्यांना पाठीचा कणा नसतो असे प्राणी मला हवेत. तिने मध्येच तोडलं. "म्हंजे बिनकाट्याचं. तसं सांग की. काट्याचं येगलं, बिनकाट्याचं येगलं. कोलंबी, चिंबोरी, कालवां, खुबं, सगलं बिनकाट्याचं." मी वर्षभर जे पाठ केलं होतं ते तिने टोपली खाली न ठेवता सांगितलं. समोर चिखलात डोळे वर काढून एक जीव उड्या मारत होता. मी आनंदाने बोट दाखवलं. "तो पण?"

"ती निवटी, चिखलातली मासली. तिला काटा हाय. खाल्लीस म्हंजे कलेल."

रात्री जेवायला चिंबोरीचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. बाजरीवर वाढलेली मी. खेकड्याकडे बघून माझा हात पुढे जाईना. हिराआत्याने माझ्या ताटातली चिंबोरी उलटी केली. "हे बघ, पोटाखालची झापड रुंद हाय, म्हंजे मादी. नराची निमुळती." मी ती झापड हलकेच उचलली आणि जेवण विसरले. आतून तिला कडी होती, एकामागे एक. बाजूच्या वाडग्यात कोळंबी होती. मी कोळंबीची शेपटी शेजारी ठेवली. तीच कडी होती, तोच क्रम. खेकडा म्हणजे शेपूट पोटाखाली दुमडून बसलेली कोळंबी! केव्हातरी, कित्येक पिढ्यांत, शेपूट आत आत वळत गेली असेल आणि अंग रुंद होत गेलं असेल, म्हणून त्याला चिखलात शिरता आलं, दगडाखाली बसता आलं. पुस्तकात हे एका ओळीत होतं. इथे ते माझ्या ताटात होतं.

"खा गो, थंड झाली," हिराआत्या म्हणाली. मी खाल्ली. बोटं चोखून खाल्ली.

पुढचे दोन दिवस फार सुखाचे गेले. बांधात एका ठिकाणी उघाडी (शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडण्याचं दार) आहे. तिच्या दगडी खांबांना पांढरी, टोकदार, नखाएवढी कवचं दाट चिकटलेली होती. नयनाच्या गावात त्यांना नुसतं "ते टोचनारं" म्हणतात. भरतीचं पाणी खांबावर चढू लागलं तसं एकेका कवचाचं तोंड उघडलं आणि आतून बारीक पिसारा बाहेर आला. मूठ उघडावी आणि मिटावी तसा आत-बाहेर करू लागला. मी हिराआत्याला सांगितलं, की हा शिंपला नव्हे, कोळंबीचा भाऊबंद आहे. लहानपणी पोहतो, मग दगडाला डोकं चिकटवतो आणि जन्मभर खाली डोकं वर पाय करून पायांनी घास ओढतो.

"डोकं खाली, पाय वर?" ती म्हणाली. "असले आमच्या गावात पन हायत. पन ते पायानी जेवत नाय अजून."

खांबाच्या सावलीतच एक समुद्रफूल मिळालं. पाण्याबाहेर नुसता हिरवा मांसल थेंब; पाण्यात गेलं की पाकळ्या उलगडायच्या. त्याला डावं-उजवं नाही, पुढचं-मागचं नाही, चाकाच्या आऱ्यांसारखं अंग चारी बाजूंना सारखं. मी वहीत चित्रं काढत होते आणि संघ मोजत होते. कालवं धरून सहा झाले होते. पण बाईंनी "तो राहतो कसा ते काढा" म्हटलं होतं, आणि घर काढण्यासारखा प्राणी एकच होता, बिळातला खेकडा.

अडचण माझ्या पायांची होती. बिळं चिखलात होती आणि चिखलात मला उभं राहता येत नव्हतं. पहिल्याच दिवशी मांडीपर्यंत रुतले, एक चप्पल कायमची गेली आणि नयनाने व हिराआत्याने मला दोन्ही काखांत धरून मुळा उपटावा तसं उपटून काढलं. त्यामुळे पौर्णिमेच्या दिवशी सकाळी ओहोटीला मी एकटीच खुरपं घेऊन निघाले आणि मला जमेल अशी जागा शोधली. बांधाच्या वळणावर, खाडीकडच्या अंगाला, कोरड्या घट्ट मातीत एक सुंदर गोल बीळ होतं. तोंडाशी मातीच्या गोळ्या नीट रचलेल्या.

मी तासभर खणत होते. बीळ तिरपं खाली जाऊन डावीकडे वळलं होतं. दोरीने मोजत, वहीत लिहीत मी पुढे गेले. पावणेदोन हातांवर ओली, थंड खोली लागली आणि तिच्या मागच्या भिंतीला अंग चिकटवून बसलेला जांभळट नांग्यांचा खेकडा. तो भिंतीत आणखी शिरू लागला, म्हणून ती भिंतही मी थोडी खरवडली. हातात आला तेव्हा तोंडाशी फेस काढत होता. तो फेस म्हणजे त्याच्या कल्ल्यांतलं पाणी. बाहेर आणून, हवा लावून तो तेच पाणी पुन्हा आत घेतो. जमिनीवर राहायला येताना याने समुद्राचे चार थेंब बरोबर आणले आणि ते अजून जपून वापरतो आहे, असं मला वाटलं.

मग मी खड्डा बुजवला. आमच्या रानात ताल (शेताचा बांध) उंदराने पोखरली की वडील जसं करतात तसंच केलं. तोंडात एक चांगला दगड बसवला, वर कोरडी ढेकळं चेपली, पायाने थापटलं. इतकं छान झालं की पाहणाऱ्याला कळलंही नसतं.

घरी आले तेव्हा हिराआत्या बांधावर निघाली होती. उधाणाच्या (पुनवेच्या मोठ्या भरतीच्या) दिवसांत तिथे घरटी एक माणूस आपापल्या वाट्याचा बांध फिरून बघतो. खेकड्याचं ताजं बीळ दिसलं की ते तिथल्या तिथे बुजवायचं, अशी रीत आहे. ती तासाभराने परत आली. "काय नाय. बांध चांगला हाय," ती म्हणाली. "भात कापून पडलाय. दोन दिस उधान गेला का उचलू." मी खेकड्याचं चित्र काढत होते.

दुपारी बाराच्या सुमारास आम्ही दोघी तिला भाकरी द्यायला शेतावर गेलो. खाडी ओळखू येत नव्हती. चिखल कुठेच नाही. पाणी तिवरांच्या शेंड्यांपर्यंत, बांधाच्या माथ्याखाली दोन हातांवर आलेलं. बांधाच्या आत, खाली, कापलेलं भात वाळत पडलेलं. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की मी समुद्राच्या पातळीखाली उभी आहे.

हिराआत्या भाकरी न घेता पुढे बघत होती. बांधाच्या पायथ्याशी, शेताच्या अंगाला, बोटाएवढी धार सुटली होती. तिने ती ओंजळीत घेतली. "गढूल हाय," ती म्हणाली. तिचा आवाजच बदलला. "नुसतं पानी पाझरलं तर भ्याचं नाय. गढूल म्हंजे बांध आतून खातोय. नयना, बाबाला बोलाव. पल!"

नयनाचे बाबा आणि शेजारच्या शेतातली दोन माणसं धावत आली. कोणी धारेवर चिखल टाकू लागला तशी हिराआत्या ओरडली, "आतून नको! कोंडलं का फुटंल सगला. तोंड भायेरचं बुजवायला पायजे. कुठं हाय तोंड? मी सकाली फिरले, एक बीळ नव्हतं इथं!"

ती वेड्यासारखी बांधावरून खाडीच्या पाण्यात बघत होती. पाणी गढूळ, काही दिसत नव्हतं. धार आता मनगटाएवढी झाली होती आणि कडेचं भात भिजू लागलं होतं.

मला माहीत होतं तोंड कुठे आहे. तिथे असलेल्यांत फक्त मलाच. मी पाहुणी होते, दोन दिवस त्यांच्या घरचं जेवत होते. खोटं सांगत नाही, पळून जावं असं वाटलं.

"आत्या," मी म्हणाले. "बीळ मी उकरलंय. सकाळी. बुजवलं होतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हिराआत्याने एकच विचारलं, "कुठं?"

वही पिशवीत होती. मोठ्या तिवरापासून तीन पावलं, गवताच्या रेघेखाली दोन वीत, तिरपं आत, मग डावीकडे. मी वाचत होते आणि माझा आवाज शाळेतल्या मुलीसारखा येत होता. नयनाच्या बाबांनी कुदळ उचलली. हिराआत्याने माझा दंड धरला. "उतर. तुलाच ठाव हाय. उतर पान्यात."

मला पोहता येत नाही. मी उतरले. छातीपर्यंत पाणी आलं, आत्याने वरून माझ्या वेणीसकट खांदा धरला होता. पायाने चाचपडत गेले. ढेकळं केव्हाच विरघळली होती. दगड सैल पडला होता आणि त्याच्या बाजूने पाणी पायाला आत ओढत होतं.

"सापडलं!"

"दगड? बांधात दगड घातलास?" वरून नयनाचे बाबा ओरडले. "अगो, दगडाच्या कडंनी तर पानी वाट काढतं!"

"मागनं बोल तिला," हिराआत्या म्हणाली. "पोरी, दगड काढ आन टाच घाल. टाच घालून उभी ऱ्हा. हलू नको."

मी टाच घातली. त्या बिळात माझी टाच बरोबर बसली. आत धार बारीक झाली, असं नयनाने ओरडून सांगितलं. मग ते वरून बांध कापून बिळापर्यंत चर खणू लागले. शेतातल्या चिखलाचे मळलेले गोळे हातोहात वर जात होते, पेंढा जात होता, आणि हिराआत्या एकेक गोळा चरात आपटून पायाने तुडवत होती. मी तशीच उभी. पाण्याखाली माझ्या पिंढऱ्यांना काहीतरी टोचत होतं, बारीक चिमटे बसत होते. कोळंब्या असाव्यात, किंवा आणखी कोणी. त्या दिवशी त्यांची नावं मी लिहिली नाहीत.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पाणी चढायचं थांबलं, मग तिवरांच्या शेंड्यांवर ओली रेघ दिसू लागली. "उतरलं," कोणीतरी म्हणालं. हिराआत्याने शेवटचा गोळा माझ्या टाचेच्या जागी बाहेरून स्वतः चेपला आणि मला वर ओढलं. माझे दात वाजत होते.

बांध टिकला. पण वळणाजवळचा भाताचा एक पट्टा भिजला होता. आम्ही सगळ्यांनी तो उचलून बांधावर वाळत टाकला. मी "मला माफ करा" असं काहीतरी म्हणाले. हिराआत्या भाताच्या पेंड्या झटकत होती.

"तुमच्याकडं बांध नसतात?"

"असतात. दगड घालूनच बुजवतात. पण तिथे पाऊस पडतो तासभर, आणि पाणी निघून जातं."

"इथला पानी जात नाय, पोरी. इथला सारका येतो." मग आणखी एक पेंडी झटकत, "बीळ उघडं टाकून आली असतीस तर मना दिसलं असतं. एवढं छान बुजवलंस का मी त्याच्यावरनं चालत गेले." आणि ती हसली. त्या हसण्याने मला रडू आलं. नयनाचे बाबा तर दुसऱ्या दिवसापासून भेटेल त्याला सांगत होते, "घाटावरची इंजिनेर आलीय आमच्याकडं, बांधात दगड बसवते."

तो खेकडा अजून जिवंत होता, बादलीत. मी तो परत सोडायचं म्हटलं तशी हिराआत्या उखडली. "सोडतेस कशाला? परत माज्याच बांधाव येल. भर तुज्या बाटलीत!"

मी दुसऱ्या दिवशी निघणार होते. निघाले नाही. उधाण उतरेपर्यंत आणखी तीन दिवस राहिले आणि रोज सकाळी हिराआत्याबरोबर बांध फिरले. ताज्या बिळाच्या तोंडाशी गोळ्या ओल्या असतात, सोडलेल्या बिळाच्या भुरभुरतात. खाडीच्या अंगाचं बीळ आधी बघायचं. निळसर चिखल हाताला चिकटेनासा होईपर्यंत मळायचा, आणि मध्ये हवा राहू द्यायची नाही. सगळं मी शिकले. खेकड्याबद्दलचं माझं कौतुक कमी झालं नाही, हेही सांगायला हवं. चार बोटांचा जीव, मऊ पोट कवचाखाली दुमडून घेतलेला, ज्या मातीने माणसं समुद्र अडवतात त्याच मातीत समुद्राचं पाणी आत धरून राहतो. पण आता बीळ दिसलं की मी आधी बांधाच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघत होते.

निघताना हिराआत्या भिजलेल्या पट्ट्यात उकिडवी बसली होती. तिने चिमूटभर माती जिभेला लावली आणि थुंकली. "खारी हाय."

"आता पीक येणार नाही?"

"पाऊस धुवंल. एका पावसाल्यात, नाय तर दोन." तिने पदराने तोंड पुसलं. "जा तू. गाडी चुकंल."

सुट्टी संपल्यावर वही बाईंकडे दिली. सहा संघ झाले होते, आणि त्यांना सगळ्यांत आवडलं ते बिळाचं चित्र. "इतकं मोजून कोणी काढत नाही," त्या म्हणाल्या आणि पानावर सही केली. मी वही परत घेतली. गेल्या वर्षीच्या मुलींच्या वह्या आम्ही वापरल्या होत्या. आता माझी वही पुढच्या मुलींकडे जाणार होती. त्यांच्यातली एखादी माझ्यासारखीच घाटावरची असेल, चिखलात उभं राहता न येणारी.

त्या संध्याकाळी खोलीवर मी ते पान उघडलं. चित्राखाली प्रत्येक प्राण्यासाठी एक ओळ होती, "कुठे सापडला". तिथे मी लिहिलं होतं, "खाडीकाठचा मातीचा बांध, कोरडी माती." मी ते खोडलं. नयना पलंगावरून बघत होती. मी शाईने, ठळक अक्षरात लिहिलं:

"हिराआत्याच्या भाताच्या बांधात. बाहेरूनच पाहावे. उकरू नये."